चोखोबांची भक्ती: मान तुकवणे की जाब मागणे?

भीमातीर

संत चोखामेळ्यांचे नाव निघाले की ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ ही ओळ म्हटली जाते, थोडी हळहळ व्यक्त होते आणि विषय मिटतो. ही हळहळ मला फार अपुरी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. चोखोबांविषयी सहसा दोनच मते कानावर येतात. एक असे, की ते सोशिक, नम्र आणि सगळा भार देवावर टाकून जगणारे भक्त होते व त्यातच त्यांचे मोठेपण आहे. दुसरे असे, की ते सोशिक होते आणि म्हणूनच आजच्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. दोन्ही मतांनी सोशिकपणा गृहीत धरला आहे आणि माझा आक्षेप त्या गृहीतकालाच आहे.

ज्यांना तपशील नवे असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चोखोबा जातीने महार. आयुष्य मंगळवेढ्यात गेले. जन्म बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा या गावी झाला, असे तिकडची परंपरा मानते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचे यजमान बंका आणि मुलगा कर्ममेळा या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एकाच घरातल्या पाच जणांनी अभंग रचावेत आणि ते घर गावकुसाबाहेरचे असावे, ही चौदाव्या शतकातली गोष्ट आहे. नामदेव हे चोखोबांचे गुरू. पंढरपूर मंगळवेढ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे पायी एका दिवसाची वाट. परंतु ती संपायची महाद्वाराशी. त्याच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ साली, मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम सुरू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. ज्या कुसवाच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हते, तेच कुसू उभारताना त्यांचा जीव गेला. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींमधून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरी आणून महाद्वाराशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

आता माझा मुद्दा. चोखोबांचा एक अभंग ‘टाळी वाजवावी गुढी उभारावी, वाट ही चालावी पंढरीची’ असा सुरू होतो. वारीत तो इतका म्हटला जातो की त्याच्या शेवटच्या चरणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो चरण असा: ‘खटनट यावे शुद्ध होउनी जावे, दवंडी पिटी भावे चोखामेळा.’ दवंडी पिटणे हे गावगाड्यात महाराचे काम होते. पाटलाचा हुकूम, सरकारी सारा, कुठे मुक्काम पडणार आहे, हे सगळे त्याने वेशीपासून ओरडत सांगायचे आणि लोकांनी आपापल्या ओट्यावरून ऐकायचे. चोखोबांनी तेच काम उचलले, पण हुकूम बदलला. ज्याच्या सावलीने माणसे बाटतात असे गाव मानते, तो माणूस भर पेठेत उभा राहून खट्याळ-नाठाळ सगळ्यांना सांगतो की या आणि शुद्ध होऊन जा. शुद्ध कोणी व्हायचे आहे? गावाने. आणि निरोप कोण देतो आहे? ज्याला गाव अशुद्ध म्हणते तो. या एका चरणात मला जेवढे धाडस दिसते तेवढे मोठ्या आवाजातल्या कवितांतही क्वचित दिसते.

‘वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ, पुराणे अमंगळ विटाळाची’ हा अभंग तर सर्वांना ठाऊक आहे. त्यात ते एक एक पायरी चढत जातात. जीवाला विटाळ, शिवाला विटाळ, ब्रह्मदेवाला, विष्णूला, शंकराला, जन्मताना विटाळ आणि मरताना विटाळ. ज्या शब्दाने त्यांना दाराबाहेर ठेवले होते तो शब्द त्यांनी साऱ्या विश्वावर पसरून टाकला, म्हणजे आत आणि बाहेर अशी रेघच उरली नाही. ही शरणागती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कृपया आपले म्हणणे मांडावे.

वेशीपलीकडे

धागाकर्त्यांनी आवाहन केले आहे म्हणून लिहितो. माझा जन्म चोखोबांच्याच समाजातला आहे आणि मला त्यांच्याविषयी पराकोटीचा आदर आहे, हे आधी नोंदवतो.

माझे आजोबा तरुणपणी वारी करीत. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर आजोबांनीही घेतली आणि वारी थांबवली. घरातल्या मूर्ती आणि तसबिरी नदीत सोडल्या, पण टाळ ठेवले. ते खुंटीला टांगलेले असत. दर काही महिन्यांनी आजोबा ते खाली काढून चिंचेच्या कोळाने घासत, फडक्याने कोरडे करत आणि न वाजवता पुन्हा टांगत. मी लहानपणी विचारले होते की वाजवायचे नाहीत तर घासता कशाला. ते म्हणाले, “चोखोबा आपला आहे. त्याची वाट आपली नाही.” माझे सगळे म्हणणे या दोन वाक्यांत आहे, तरीही सविस्तर मांडतो.

आपण ‘विटाळ’ आणि ‘दवंडी’ हे दोन अभंग निवडले. त्याच गाथेत ‘शुद्ध चोखामेळा, करी नामाचा सोहळा’ हा अभंगही आहे आणि त्यात पुढे असे येते: ‘हीन याती मी महार, पूर्वी नीळाचा अवतार. कृष्णनिंदा घडली होती, म्हणोनि महार जन्मप्राप्ती.’ म्हणजे मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी महार झालो. हे तर जातीचे समर्थन करणाऱ्यांचेच तत्त्वज्ञान झाले, आणि तेही पीडिताच्या तोंडून! ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार, बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ या ओळी कीर्तनात ऐकताना समोरच्या श्रोत्यांचे डोळे पाणावतात. मला मात्र मान वर करवत नाही, कारण ते उष्टे माझ्या पणजोबांनी खरोखर मागून आणलेले आहे. ज्यांच्या घरी हा अनुभव नाही त्यांना त्यात गोडवा सापडतो.

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना जे उत्तर दिले, त्यात संतांविषयी अगदी स्पष्ट लिहिले आहे. संतांनी जात आणि अस्पृश्यता यांच्याविरुद्ध मोहीम चालवली नाही. त्यांना माणूस आणि देव यांच्या नात्याची चिंता होती, माणसामाणसांतल्या झगड्याची नव्हती. देवाच्या दृष्टीने सगळे समान आहेत असे त्यांनी सांगितले, पण सगळी माणसे समान आहेत असे सांगितले नाही. शिवाय संताने जात मोडली तरी चालते, सामान्य माणसाने मोडता कामा नये, अशीच शिकवण लोकांना मिळत राहिली. चोखोबांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले. गावाने चोखामेळ्याला संत म्हटले, त्याचे अभंग गायले आणि त्याच्या वस्तीला पाणवठ्यावर येऊ दिले नाही. १३३८ साली समाधी झाली आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, तेही साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा. मधली ६०९ वर्षे ही दवंडी कोणी ऐकली?

माळकरी

दोन्ही प्रतिसाद मनापासून वाचले. माझ्या घरात चार पिढ्यांची माळ आहे आणि मी कोणाचे दुःख लहान करण्यासाठी लिहीत नाही. पण चोखोबांना बंडखोर ठरवायचे किंवा हतबल ठरवायचे, या दोन्ही प्रयत्नांत ते स्वतः कुठे आहेत हे मला सापडत नाही. त्यांच्या अभंगांत सर्वांत जास्त काय आहे? नामस्मरण, पंढरीची ओढ, विठोबाच्या रूपाचे वेड आणि संतांच्या भेटीचा आनंद. ‘विठ्ठल विठ्ठल गजरी, अवघी दुमदुमली पंढरी’ हा अभंग त्यांचाच आहे, आणि तो वाळवंटात हजारो माणसांबरोबर म्हणताना त्यात कुठलीही किनार जाणवत नाही, निखळ आनंद असतो. साडेतीनशेच्या आसपास अभंगांतून पाच-सात वेचून त्यांवर संपूर्ण माणूस उभा करणे मला योग्य वाटत नाही.

वारकरी संप्रदायाने त्यांना दूर ठेवले असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. ‘चोखा माझा जीव चोखा माझा भाव, कुलधर्म देव चोखा माझा’ असे नामदेवांनी म्हटले आहे. एखाद्या शिंप्याने एका महाराला आपला कुलधर्म आणि आपला देव म्हणावे, हे त्या काळात कमी नव्हते. जनाबाईंनी ‘चोखामेळा संत भला, तेणे देव भुलविला’ असे गायिले. तीनशे वर्षांनी तुकोबांनी ‘चोखामेळा बंका जातीचा माहार, त्यासी सर्वेश्वर ऐक्य करी’ असे सांगून वर्णाभिमानाने कोण पावन झाला ते दाखवा, असा थेट प्रश्न केला. मंदिराच्या व्यवस्थेचा दोष संतांच्या माथी मारू नये. दार बंद करणारे वेगळे होते आणि दाराशी बसून चोखोबांबरोबर कीर्तन करणारे वेगळे होते.

वेशीपलीकडे

माळकरी यांनी नामदेवांचा उल्लेख केला म्हणून एकच गोष्ट विचारतो. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी आहे. दोन्ही स्थाने दाराशीच, म्हणून कीर्तनकार ती जोडीने सांगतात. परंतु नामदेवांनी पायरीची जागा स्वतः मागून घेतली, कारण संतांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांना आत जाता येत होते आणि त्यांनी बाहेर राहणे निवडले. चोखोबांनी बाहेरची जागा निवडली नव्हती, ती त्यांना मिळाली होती. शेजारी शेजारी असलेल्या या दोन जागा एकसारख्या आहेत असे आपण म्हणू शकता का?

पोथीवाचक

चर्चा चांगली चालली आहे. परंतु पुराव्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी थोडी सावधगिरी बाळगावी, अशी विनंती आहे. चोखोबांच्या हातची पोथी आपल्यापाशी नाही. जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी येते, तीत चोखामेळ्याचा लेखक म्हणून अनंतभट्टाचे नाव आहे. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या सांगण्यानुसारसुद्धा शब्द महाराचे आणि बोरू ब्राह्मणाचा, अशी ही सुरुवात आहे. त्यानंतर काही शतके हे अभंग तोंडी आणि बाडांमधून फिरत राहिले, आणि आज आपण ज्याला गाथा म्हणतो ती छापखान्याच्या काळातली आहे. ‘जोहार’, म्हणजे महाराच्या नमस्काराने सुरू होणारी रचना, हा प्रकार पुढे एकनाथांनीही महाराच्या मुखाने लिहिला, त्यामुळे जोहाराच्या रचनांत कोणाचे काय मिसळले असेल हे ठामपणे सांगता येत नाही. ‘अबीर गुलाल उधळीत रंग’ हा अभंग चोखोबांच्या नावावर घरोघरी म्हटला जातो, पण त्यात ‘नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग’ असे आहे. हा नाथ एकनाथ असेल तर तो चोखोबांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी जन्मला.

नीळाच्या जन्माची कथा मला याच कारणाने खटकते. एका अभंगात जन्ममरणापर्यंत सगळ्यांना विटाळ आहे म्हणणारा माणूस दुसऱ्या अभंगात विटाळ हे आपल्या एकट्याच्या पूर्वजन्मीच्या निंदेचे फळ आहे असे म्हणतो, हे एका डोक्यातून आले असेल का, असा प्रश्न पडतो. एखाद्या भाविक कीर्तनकाराला चोखोबांच्या जातीची ‘व्यवस्था’ लावावीशी वाटली असेल. मात्र हे माझे अनुमान आहे. जे आवडत नाही ते प्रक्षिप्त आणि जे आवडते ते अस्सल, असा नियम केला तर सगळे संशोधनच निकाली निघेल, हेही मी जाणतो. शिवाय एकाच माणसाने वेगवेगळ्या दिवशी दोन्ही म्हटले असणे अशक्य नाही. मार खाऊन परतलेल्या रात्री माणूस स्वतःलाच दोष देतो आणि दुसऱ्या दिवशी उठून साऱ्या जगाला दोष देतो, हे आपण जवळच्या माणसांत पाहिलेले असते.

उंबरठा

इतक्या चर्चेत सोयराबाई आणि कर्ममेळा यांचा केवळ नामोल्लेख व्हावा याचे मला वाईट वाटले. माझ्या मते या धाग्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या घरातच आहे आणि ते चोखोबांच्या अभंगांपेक्षा त्यांच्या बायको-मुलाच्या अभंगांत अधिक स्पष्ट आहे.

सोयराबाईंचे म्हणून आज मिळतात ते अभंग साठेक असतील. ‘अवघा रंग एक झाला’ सर्वांना माहीत आहे. पण त्यांचा विटाळाचा अभंग फारसा म्हटला जात नाही: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध. देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?’ आणि पुढे: ‘विटाळावाचोनि उत्पत्तीचे स्थान, कोण देह निर्माण नाही जगी.’ चोखोबा वेद, शास्त्र, ब्रह्मा, विष्णू असे वरून खाली बोलतात. सोयराबाई शरीरापासून सुरुवात करतात. स्त्रीच्या अंगावरचे जे रक्त घराघरात विटाळ मानले जाते, त्याखेरीज जगात एकही देह घडलेला नाही, सोवळे नेसून बसलेल्या पुजाऱ्याचाही नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी सांगितली आहे. त्यांना एकाच वेळी दोन विटाळ सोसावे लागत होते, जातीचा आणि बाईपणाचा. दोन्हींना एकाच वाक्यात उत्तर देणारी दुसरी रचना त्या काळातली मला तरी आठवत नाही.

आता एक कथा आठवा. सोयराबाईंचे दिवस भरले असताना चोखोबा बहिणीकडे, निर्मळेकडे, मेहुणपुरीला निघून गेले. घरात कोणी नव्हते. तेव्हा विठोबा निर्मळेचे रूप घेऊन आला आणि नणंद म्हणून त्याने बाळंतपण केले. ही कथा कीर्तनात देवाच्या दयाळूपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. मी दोन बाळंतपणे अनुभवली आहेत, म्हणून मला ती जवळून दिसते. पाणी तापवायचे, रक्ताने भरलेले कपडे उचलायचे, नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधायचा, हे सगळे त्या देवाने महारवाड्यातल्या एका झोपडीत केले. ज्याच्या गाभाऱ्यात चोखोबांची सावली चालत नव्हती, त्या देवाला त्यांच्या घरातल्या माणसांनी सुईण करून टाकले. ही कल्पना कोणा सोशिक माणसाच्या मनात येईल, असे मला वाटत नाही.

आणि त्या बाळंतपणात जो जन्मला तो कर्ममेळा. त्याच्या नावावर तीससुद्धा अभंग नाहीत. त्यांतला एक मी पूर्ण देते:

‘आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टे खातां। लाज न ये तुमचे चित्ता॥
आमचे घरी भात दही। खावोनी कैसा म्हणसी नाही॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा। कासया जन्म दिला मला॥’

दहीभाताचा संदर्भ असा, की विठोबा चोखोबांच्या घरी जेवायला बसला असता सोयराबाईंच्या हातून त्याच्या पीतांबरावर दही सांडले, अशी कथा आहे. कर्ममेळा त्याच देवाला सांगतो की आमच्या घरी जेवून गेलास आणि आता ओळख नाकारतोस. शेवटचा प्रश्न तर त्याहून कठीण आहे. ज्या देवाने आपल्या हातांनी त्याला या जगात आणले, त्यालाच तो विचारतो आहे की जन्म दिलास कशाला. वेशीपलीकडे यांना जो संताप वाटतो तो चौदाव्या शतकातल्या त्या मुलाला वाटून गेला आहे, आणि त्याने तो बापाच्याच देवासमोर मांडला आहे.

भीमातीर

उंबरठा यांनी जे लिहिले ते मी मूळ लेखात लिहायला हवे होते. कर्ममेळ्याला मी एका नावापुरते उरकले, ही माझी चूक मान्य करतो.

वेशीपलीकडे यांचा सर्वांत जड मुद्दा ६०९ वर्षांचा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जो अभंग रोज गायला जातो तो ऐकला जातोच असे नाही, हे कबूल करावेच लागते. पुढचा इतिहासही त्यांच्या बाजूने बोलतो. मंदिर उघडल्यावरही बडवे आणि उत्पात या तिथल्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क राहिले. ते संपवणारा कायदा १९७३ साली झाला आणि त्यावरची न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली संपली. चोखोबांनी ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद, मज मारिती बडवे काही तरी अपराध’ असे म्हटले होते. त्या हाकेचा कागदोपत्री निकाल लागायला एकविसावे शतक उजाडले आणि तो अभंगाने लागला नाही, कायद्याने लागला.

तरीही एका बाबतीत मी ठाम आहे. लोकांनी ऐकले नाही, यावरून सांगणाऱ्याने सांगितलेच नव्हते असे ठरत नाही. ‘मज मारिती बडवे’ या ओळीत मारणाऱ्याचे नाव आहे. त्या काळी महाराने कोणाकडून मार खाल्ला हे सगळ्या गावाला ठाऊक असे, पण ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. चोखोबांनी ते बोलून दाखवले, तेही यमकात बांधून, म्हणजे लोकांच्या तोंडी राहील अशा रीतीने. आज सातशे वर्षांनंतरही ती तक्रार शब्दशः उपलब्ध आहे. त्यांच्या हातात एवढेच होते आणि तेवढे त्यांनी पूर्ण वापरले. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या अस्पृश्य समाजातल्या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला, याचाही विचार व्हावा.

वेशीपलीकडे

ती अर्पणपत्रिका मला चांगली ठाऊक आहे. तीत त्या तिघांनी आपल्या भक्तीने आणि सद्गुणांनी सर्वांचा आदर मिळवला असे म्हटले आहे. मी पहिल्याच प्रतिसादात तेच लिहिले होते. माणसाला वंदन करता येते आणि त्याच्या मार्गाने न जाण्याचा निर्णयही घेता येतो. बाबासाहेबांनी ग्रंथ अर्पण केला आणि आठ वर्षांनी धर्म सोडला. यात मला विसंगती दिसत नाही.

उंबरठा यांच्या लेखनाने मात्र मला थांबून विचार करायला लावले. कर्ममेळ्याचा तो अभंग मी अनेक सभांत उद्धृत केला आहे, परंतु बाळंतपणाची कथा आणि शेवटचा प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. माझे मत त्यामुळे बदललेले नाही. देवाकडे मागितलेला जाब देवापाशीच राहतो. पाटील, बडवे आणि सावकार त्याला उत्तर द्यायला बांधलेले नसतात. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे झाले ते माणसांनी माणसांकडे मागितलेले होते, म्हणून त्याचा परिणाम झाला. पण कर्ममेळा मान तुकवून उभा नव्हता एवढे मी मान्य करतो, आणि ज्याच्या घरात असा मुलगा वाढला त्या बापाविषयी ‘सोशिक’ हा शब्द मी यापुढे जपून वापरेन.

माळकरी

पायरी आणि समाधी यांच्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले होते. त्या दोन जागा एकसारख्या नाहीत. मी इतकी वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच भावनेने डोके टेकत आलो आणि हा फरक माझ्या मनात कधी आला नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

एक विनंती आहे. आमच्या भजनी मंडळात चोखोबांचे दहा-बारा अभंग बसवलेले आहेत, सोयराबाईंचा एक आहे आणि कर्ममेळ्याचा एकही नाही. येत्या एकादशीला ‘आमुची केली हीन याती’ म्हणावा असा विचार करतो आहे. पण त्याला रूढ चाल आहे असे आमच्या मंडळातल्या वयोवृद्धांनाही आठवत नाही. कोणाला माहीत असल्यास कळवावे.

उंबरठा

मलाही चाल माहीत नाही. ओळी लहान आहेत, त्यामुळे साध्या ठेक्यात बसतील. मात्र फार गोड चाल लावू नये, एवढे सुचवते.

वेशीपलीकडे

जरूर म्हणा. दुसरा चरण गाळू नका. उष्ट्याची ओळ आली की पुष्कळ ठिकाणी आवाज खाली जातो, हे मी पाहिले आहे. आणि चौथा चरण संपल्यावर लगेच आरती सुरू करू नका.